मदत हवी आहे: आजोबांच्या चित्रातली लढाई खांदेरीची की विजयदुर्गाची?

नमस्कार मंडळी,

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला चाललाय, दसऱ्याच्या आत खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. माजघरात एक मोठं तैलचित्र होतं: समुद्र, धूर, जहाजं आणि किल्ला. आजोबा आम्हा नातवंडांना त्याच्याखाली बसवून सांगायचे, "ही खांदेरी. इथं आपल्या आरमारानं इंग्रजांना पाणी पाजलं." मग १६७९ची हकीकत. शिवाजी महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी आणि दौलतखान, रात्री इंग्रजांचा पहारा चुकवून बेटावर दाणागोटा पोचवणाऱ्या लहान होड्या. आम्हाला ती तोंडपाठ होती.

गेल्या आठवड्यात चित्र उतरवलं, मऊ ब्रशनं धूळ काढली आणि भिंग घेऊन बसले. ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील प्रत, निघेल अशी धास्ती होती, पण छपाईचे ठिपके नाहीत आणि तिरप्या उजेडात रंगाचे उंचवटे स्पष्ट दिसतात. म्हणजे हातानं रंगवलेलं आहे.

अडले ते निशाणापाशी. सर्वांत मोठ्या जहाजाच्या मागच्या बाजूला लाल निशाण आहे. त्याच्या वरच्या कोपऱ्यात निळ्यावर पांढरी तिरपी फुली आणि तिच्यावर लाल क्रॉस. १७०७पर्यंत इंग्रजांच्या लाल निशाणाच्या कोपऱ्यात नुसता पांढऱ्यावर लाल क्रॉस असायचा. आणि १८०१नंतरची आयर्लंडची लाल तिरपी फुली यात नाही. म्हणजे चित्रकारानं निशाण विचारपूर्वक काढलं असेल, तर लढाई १७०७ ते १८०१ मधली. १६७९ची खांदेरी यात बसत नाही.

तरीही आजोबा पूर्ण चुकले असं मला लगेच म्हणवत नाही. १७१८मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून खांदेरीवर चालून आला होता आणि कान्होजी आंग्र्यांच्या माणसांनी त्याला परत पाठवलं. तीच ही लढाई असेल का?

पण चित्रातला किल्ला बेटावरचा वाटत नाही. भूशिरावर एकामागे एक तटबंदी, बाजूनं आत शिरणारी खाडी, आणि खाडीच्या तोंडाशी दाटीनं उभी असलेली, पेटलेली जहाजं. त्यातल्या दोघांची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब, टोकदार, पुढे झेपावलेली आहे. हे गुराबच, म्हणजे आंग्र्यांच्या आरमारातली मोठी लढाऊ जहाजं, मला शंका नाही. आणि मग आठवतो तो फेब्रुवारी १७५६चा विजयदुर्ग, इंग्रजांचा घेरिया. इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या तोफांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याखाली जळून गेलं, आणि जमिनीच्या बाजूला इंग्रजांचे दोस्त म्हणून पेशव्यांची फौज होती. पुण्याचीच. तसं असेल तर आम्ही तीन पिढ्या आपल्याच आरमाराच्या राखेखाली बसून विजयाची गोष्ट ऐकत होतो. हे मला फार लागलंय, म्हणून खात्री हवी आहे.

डॉमिनिक सेरेस या चित्रकारानं १७७१मध्ये घेरियाच्या पाडावाचं चित्र काढलं, ते ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. आमचं त्याची नक्कल असू शकेल का? कोणी मूळ चित्र समोरून पाहिलंय?

दुसरी अडचण. वॉर्निश पिवळं पडलंय आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात बुरशी आहे, नेमकी तिथंच दोन-तीन अक्षरं दिसतात. बटाट्याची फोड फिरव, असं एकीनं सुचवलं. मी हात लावू दिला नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे हे माहीत आहे, पण पावसात चार फुटी कॅनव्हास तिथवर नेण्याची हिंमत होत नाही. पुण्यात तैलचित्रांवर काम करणारं, आधी कोपऱ्यात चाचणी घेऊन मगच पुढे जाणारं कोणी तुमच्या अनुभवातलं आहे का? आणि तोवर ते ठेवू कसं? सध्या जुन्या सुती चादरीत, भिंतीपासून लांब, उभं ठेवलंय.

निशाणाचा, किल्ल्याचा आणि त्या अक्षरांचा फोटो प्रतिसादात टाकते. आरमाराचा अभ्यास असलेल्यांनी आधी किल्ला बघावा ही विनंती. भाच्याला चित्र देताना मागे चिठ्ठी लावायची आहे, आणि तिच्यावर लढाईचं खरं नाव लिहायचं आहे.