मदत हवी : रिठाजवळच्या वावरात जुनी नाणी भेटली, मेटल डिटेक्टर मशीन फिरवू द्यावं का?

नमस्कार मंडळी,

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या अंगाला आमचं चार एकर वावर आहे, रिठाला, म्हणजे उजाड झालेल्या गावाच्या जागेला लागून. ते गाव कधी उठलं हे माझ्या आजोबांनाही सांगता येत नव्हतं. आजूबाजूला सगळी काळी कसदार जमीन, पण धुऱ्यापलीकडे माती एकदम राखाडी-पांढरट होते. पूर्वी भिंती सारवायला बायका तिथूनच पांढरी माती आणायच्या. खापरं तर पावलापावलाला.

यंदा उन्हाळ्यात पहिल्यांदा ट्रॅक्टरने खोल नांगरट केली. बाबा ढेकळं फोडत होते, तर एका ढेकळात तीन नाणी एकमेकांना चिकटलेली. त्याच हातभर जागेत आणखी सहा. हिरवट-काळी, आताच्या रुपयापेक्षा लहान पण जाड. एकावर सोंड वर केलेला हत्ती आहे आणि काठाने अक्षरं. मागे चार गोल, मधे अधिकच्या चिन्हाने जोडलेले.

मी घरी पोहोचेपर्यंत आईने एक नाणं चिंच आणि राखेने घासून ठेवलं होतं, देवाची भांडी घासते तसं. तिला वाटलं, स्वच्छ करून देव्हाऱ्यात ठेवू. आता ते तांबूस चमकतं, हत्तीची पाठ तेवढी दिसते, सोंड आणि अक्षरं गेली. आईला फार वाईट वाटलं आहे.

पुढची गोष्ट अशी, की नागपूरचा मामेभाऊ मेटल डिटेक्टर घेऊन आला. तासाभरात पंधरा-वीस ठिकाणी खणलं. बैलाच्या पायाचे नाल, फवारणीच्या बाटल्यांची सीलं, तारेचे तुकडे, वखराचा एक बोल्ट, आणि एक नाणं. काळ्या भागात तर मशीन थांबायलाच तयार नाही, नुसतं टुंटुं. भाऊ म्हणतो, तूर निघाली की पूर्ण रीठ पिंजून काढू.

तेवढ्यात गावात हंडा भेटल्याची बोंब झाली. एक अनोळखी माणूस मोटारसायकलवर आला, नाण्यामागे पाचशे रुपये देतो म्हणाला, आणि अवसेच्या रात्री पूजा मांडली तर मोठं गुप्तधन निघेल म्हणून सांगू लागला. बाबांनी त्याला धुऱ्यावरूनच परत पाठवलं, पण तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. म्हणतात, "पोलीस घरी आले तं काय सांगू?"

मला पैसे नकोत. ही नाणी कोणाची, आणि ती आमच्या वावरात कशी आली, हे लिहून राहावं एवढंच वाटतं. कुठे द्यायची? दिली तर आमच्यावर काही बालंट येईल का? आणि भावाला काय सांगू?

प्रतिसाद : खापरवेडा

दादा, बाबांना आधी सांगा की नांगरताना नाणं निघणं हा गुन्हा नाही. लपवणं हा गुन्हा आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही भेटलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं : काय भेटलं, कुठे, कोणत्या तारखेला. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अर्ज तहसीलमार्फत द्या, पण पोच घेतल्याशिवाय हलू नका. आणि पाचशेवाल्याला एकही नाणं देऊ नका. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरतं, परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो पुन्हा आला तर सरळ ठाण्यात सांगा.

वर्णन सातवाहनांच्या पोटीन नाण्यांशी जुळतं. पोटीन म्हणजे तांबं, शिसं, कथील यांचा मिश्रधातू. मागचं ते चार गोलांचं उज्जैन चिन्ह. मंगरूळपीरजवळ तऱ्हाळ्याला १९३९ साली अशा नाण्यांचा मोठा साठा निघाला होता. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी त्यावरची अक्षरं वाचली, तेव्हा पुराणांतल्या राजांच्या याद्यांत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे कळले. साठा एकत्र हाती लागला म्हणून हे झालं. पाच-पाच नाणी पाच जणांच्या खिशात गेली असती, तर त्या राजांची नावं आपल्याला कोण सांगणार होतं? म्हणून तुमची नाणी वेगळी करू नका.

प्रतिसाद : वऱ्हाडी शेतकरी

मशीन माझ्याकडेही होतं, विहिरीत पडलेला पान्हा शोधायला घेतलेलं. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, तिच्यात लोहाचे चुंबकीय कण भरपूर. त्यामुळे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीप्रमाणे मशीन जुळवणं, नीट केला नाही तर मशीन मातीलाच धातू समजतं. शिवाय हौशी मशीनला लहान नाणं वीतभर खोलीपर्यंतच कळतं.

पण भाऊ, खरी अडचण वेगळी आहे. रामटेकजवळ नगरधनला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताची मुद्रा, म्हणजे शिक्क्याचा ठसा, निघाली, ती मातीची. नागपूरजवळच्या माहुरझरीला अकीक दगडाचे मणी. मशीन दोन्हींवर गप्प बसलं असतं. नाण्यासाठी खड्डा केला की त्याच्या बाजूची चूल, खापर, राख यांचे थर कालवले जातात. ते पुन्हा कोणाला लावता येत नाहीत. मामेभावाला हेच सांगा.

नाणी धुऊ नका, तेल लावू नका. कोरड्या कागदात एकेक गुंडाळा. नाण्यावरचा हिरवा थर चिंचेने विरघळतो, आणि पुष्कळदा ठसा त्या थरातच उरलेला असतो.

धागाकर्ता :

दोघांचे मनापासून आभार. पहिल्या दिवशी खिडकीवरच्या माणसाने "असे अर्ज इथे घेत नाहीत" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी कायद्याचं नाव वर लिहून बाबांना सोबत नेलं, तेव्हा शिक्का मिळाला. एक प्रत नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या पत्त्यावर पाठवली आहे. आंब्याच्या झाडापासून पावलं मोजून जागेचा नकाशा काढला. मशीनवर भेटलेलं दहावं नाणं कुठे निघालं हे भावाला नेमकं आठवत नव्हतं, म्हणून तिथे "अंदाजे" लिहावं लागलं. तो आपणहून मशीन परत घेऊन गेला.

एकच विचारायचं राहिलं : आईने घासलेलं नाणं सोबत द्यायचं का?

प्रतिसाद : खापरवेडा

द्या. त्याच डबीत, वेगळ्या कागदात, "घासलेलं" असं लिहून. काठावर एखादं अक्षर उरलं असेल तर वाचणाऱ्याला दिसेल. आणि आईंना सांगा, वजन मोजायला तेही कामाचं आहे.