मदत हवी: पाच तारांच्या बँजोवर 'शेडी ग्रोव्ह' हे लोकगीत, अंगठा मागे पडतो

धागाकर्ता: गणपतीच्या बँजो पार्टीतला कळांचा बँजो नव्हे, अमेरिकेतल्या ॲपलेचियन डोंगराळ भागातला, लांब दांडीचा. पद्धत क्लॉहॅमर, म्हणजे वाकलेल्या बोटाच्या नखाने खाली आघात आणि अंगठ्याने पाचवी तार. तारा पाचवीपासून पहिलीपर्यंत जी-डी-जी-बी-डी लावल्यात. अमेरिकी लोकगायक डॉक वॉटसन यांच्या चालीवर मोकळ्या तारांचा झंकार (नख तारांवरून एकदम फिरवून घेतलेला) खटकतो. मेट्रोनोम (ताल मोजणारं यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांच्या पुढे गेला की अंगठ्याचा सूर उशिरा येतो. शिवाय वरच्या पडद्यांवर सगळंच चढं लागतं.

प्रतिसाद १: खटकते ती दुसरी तार. जी हा सा धरला तर बी म्हणजे शुद्ध गंधार, आणि वॉटसन यांची चाल कोमल गंधाराची. ती तार अर्ध्या सुराने चढवून सी करा. या जुळणीला 'सॉमिल' म्हणतात: पाचवीपासून तार सप्तकातला सा, मंद्र प, सा, म, प. मोकळ्या तारांत गंधारच उरत नाही, म्हणून कुठलाही सूर झंकाराशी भांडत नाही. कोमल गंधार तिसऱ्या तारेच्या ३ऱ्या पडद्यावर, कोमल निषाद पहिल्या तारेच्या ३ऱ्यावर, तार सा तिच्याच ५व्यावर. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) शोधू नका, या चालीला त्यांची गरज नाही. मात्र हेच गाणं शुद्ध गंधारानेही गातात, तेव्हा टॅब (कोणती तार, कोणता पडदा हे दाखवणारं लेखन) निवडताना आधी चाल ऐका.

चढ्या सुरांसाठी घोडी (तारांखालची उभी पट्टी) तपासा. १२व्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून वाजवा, मग दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी केसभर मागे, तारा अडकवतात त्या टोकाकडे, सरकवा. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. म्हणून सगळ्या तारा एकदम सैल करू नका.

प्रतिसाद २: अंगठ्याचं बघू. पहिल्या मात्रेला नखाने एका तारेवर आघात. दुसरीच्या पूर्वार्धात झंकार, उत्तरार्धात अंगठा. झंकारानंतर अंगठा पाचवी तार शोधायला निघाला की उशीर ठरलेलाच. हात खाली येतो तेव्हाच अंगठा तिच्यावर टेकलेला हवा. हात वर जाताना ती आपोआप सुटते. सतारीच्या चिकारीच्या तारेसारखी ती अखंड बोलत राहिली पाहिजे, सगळी गोडी तिथेच आहे! तर्जनी वाकलेलीच ठेवा, टिचकी मारू नका. झंकार दोन-तीन तारांचाच घ्या. चारही तारा ओढल्या तर हात लांब जातो. डाव्या हाताची बोटं तारांवर हलकेच ठेवून, सूर न काढता, ५०च्या गतीला नुसता ताल बसवा. मग चार-चारने वाढवा.

धागाकर्ता: अंगठा आता वेळेवर येतो. पण हॅमर-ऑन (वाजत्या तारेवर डावं बोट पाडून काढलेला सूर) घेतला की ताल तुटतो.

प्रतिसाद २: डाव्या बोटाची वाट पाहत उजवा हात थांबत असणार. हॅमर-ऑन पहिल्या मात्रेच्या उत्तरार्धात बसतो, उजव्या हाताची चाल तीच राहते. बोट पडद्याला अगदी लागून, उभं पाडा. लांब पडलं तर सूर मरतो आणि मग जोर लावावासा वाटतो.