ग्रूव्ह, पॉकेट, घोस्ट नोट: बेस गिटारवाल्यांनी मराठीत काय म्हणावं?

मी हौस म्हणून बेस गिटार, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, वाजवतो. पोटापाण्याचं काम वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत ज्यांनी बोलावलं त्यांच्याबरोबर वाजवलं. आधी रॉक आणि ब्लूज, मग बराच काळ जमैकाचं रेगे, मध्ये थोडं फंक, आणि आता जॅझ शिकणाऱ्या दोघांबरोबर बसतो. वाद्य तेच, तारा त्याच चार, पण दर ठिकाणी काम इतकं बदलतं की नुसतं ‘वाजवतो’ म्हणून भागत नाही. रॉकमध्ये कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) मूळ स्वर मात्रेत दोनदा, न चुकता. जॅझमध्ये प्रत्येक मात्रेला एक स्वर, आणि तोही पुढच्या कॉर्डकडे चालत जाणारा. रेगेमध्ये वाजवण्याइतकंच गप्प राहणं महत्त्वाचं.

हल्ली दोन नवशिक्यांना मराठीतून शिकवायला लागलो आणि खरी अडचण समोर आली. ‘ग्रूव्ह पकड’ म्हटलं की दोघे मान डोलावतात आणि लगेच विचारतात, म्हणजे नक्की काय करू?

ग्रूव्हला ‘ठेका’ म्हणावं, तर ठेका म्हणजे तालाचे ठरलेले बोल. तेच स्वर, त्याच मात्रांवर दोघांनी वाजवले तरी एकाच्या वाजवण्यात ग्रूव्ह असतो, म्हणजे ऐकणाऱ्याचं अंग डोलतं, आणि दुसऱ्याच्या नसतो. ‘लय’ फार व्यापक आहे, लय तर मेट्रोनोमलाही असते. ‘झोक’ हा शब्द मला आवडतो, पण तो ‘स्विंग’साठी राखून ठेवावासा वाटतो. स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांबतो, दुसरा आखडतो. झोपाळा टोकाला जाऊन क्षणभर थांबतो आणि मग परततो, तसं. मग ग्रूव्हला काय? आणि ‘पॉकेट’ (ड्रमच्या किंचित मागे बसणं), ‘घोस्ट नोट’ (सूर नसलेला आघात), ‘स्लॅप’ (अंगठ्याने तारेवर मारणं) यांना? तुम्ही काय म्हणाल?

*

मी तबला वाजवतो, म्हणून आमच्याकडचे शब्द सुचवतो. पटले तर घ्या.

‘घोस्ट नोट’चं भाषांतर ‘भूतस्वर’ असं कृपया करू नका. तारेवर हात नुसता टेकवल्यामुळे जिला सूर नाही, फक्त ‘टक्’ असा आघात आहे, तीच ना ती? आमच्याकडे यासाठी पूर्वापार ‘बंद बोल’ आहे. डग्ग्यावरचा ‘क’ बंद, ‘ग’ खुला. जो घुमतो त्याचा घुमारा, जो घुमत नाही तो बंद. हे शब्द तुमच्या वाद्यालाही चपखल बसतील.

ग्रूव्हबद्दल सांगायचं तर आम्ही त्यासाठी नाम वापरतच नाही. ‘ठेका चालला पाहिजे’, ‘ठेका बोलला पाहिजे’ असं म्हणतो. एखाद्याचा ठेका बरोबर असतो पण चालत नाही. तुम्ही जो फरक सांगताय तो हाच.

आणि रेगेत पहिली मात्रा मोकळी सोडतात म्हणे. तिला ‘खाली’ म्हणा.

*

मला आधी नावाबद्दल बोलायचंय. ‘बेस’ की ‘बास’? दोन्ही लिहिलेलं वाचलंय. मूळ इटालियन ‘बासो’, म्हणजे खालचा. इंग्रजीत वाद्याचा उच्चार ‘बेस’ होतो, त्यामुळे मी तेच लिहितो. पण या उच्चारामुळे एक घोटाळा झालाय. ‘पाया’ या अर्थाचा ‘बेस’ हा वेगळा, ग्रीकमधून आलेला शब्द आहे. दोन्हींचा उच्चार सारखा, म्हणून काही जण बेस गिटारला ‘पायाभूत गिटार’ म्हणतात. कल्पना सुंदर आहे, व्युत्पत्ती मात्र चुकीची. आपल्याकडे ‘खर्ज’ असताना पाया खणायला का जायचं? (गावाकडे ‘बेस झालं’ म्हणजे छान झालं, तो आणखी तिसराच.)

तसंच ‘फ्रेट’ला सरळ ‘पडदा’ म्हणा, सतारीला म्हणतो तसं. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी बाजारात आणलेल्या बेसचं नावच ‘प्रिसिजन’ होतं, कारण पडद्यांमुळे स्वर नेमक्या जागी लागत होता. उभ्या डबल बेसला पडदे नसतात. मग फ्रेटलेस ती बिनपडद्याची, आणि तिच्यावर बेसवादक जॅको पास्टोरियस जे करायचा त्यातल्या बऱ्याच गोष्टींना ‘मींड’ (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) हा शब्द तयारच आहे.

*

माझ्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या दोघांचेही मनापासून आभार. ‘बंद बोल’ लगेच उचलला. इतकी वर्षं तो शब्द डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नव्हता. फंकमध्ये तर निम्मा खेळ बंद बोलांचाच असतो. डावा हात तारेवर नुसता टेकवलेला, उजवा हात चालू, आणि पंधरा-सोळा आघातांमधून चार-पाचच घुमतात.

‘खर्ज’ही बरोबर, आणि माझ्या मते जितका दिसतो त्याहून जास्त बरोबर. तो ‘षड्ज’पासून आलेला. तानपुऱ्याची खालच्या सा ची चौथी तार, तीही खर्जच. म्हणजे या शब्दात ‘खालचा’ आणि ‘ज्यावर बाकीचे स्वर तोलले जातात तो’ असे दोन्ही अर्थ आहेत. बेसचं काम नेमकं हेच. गिटारवाला सा-ग-प वाजवतोय आणि मी खाली सा धरला, तर ऐकणाऱ्याला मेजर कॉर्ड ऐकू येते. त्याने बोटही हलवलं नाही आणि मी फक्त सा सोडून खालचा ध धरला, की त्याच तीन स्वरांची मायनर सेव्हन्थ, म्हणजे वेगळीच कॉर्ड, होते. नवख्या माणसाला हे पहिल्यांदा ऐकवताना मला अजूनही अंगावर काटा येतो. तानपुऱ्याचा खर्ज स्थिर असतो, बेसचा खर्ज चालतो, एवढाच फरक. जॅझच्या ‘वॉकिंग बेस’ला मी आता ‘चालता खर्ज’ म्हणणार आहे.

‘खाली’बद्दल मात्र माझा विरोध आहे, आदर राखून. त्रितालात खाली नवव्या मात्रेवर, ठरलेल्या जागी येते. तिथे डग्ग्याचा घुमारा काढून घेतात, पण सम, म्हणजे पहिली मात्रा, भरीव राहते. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ या ठेक्यात उलटं होतं. चारातली पहिलीच मात्रा, जिथे आपला कान सम शोधतो, ती ड्रमवाला सोडतो आणि वजन तिसरीवर टाकतो. बेसवालाही पुष्कळदा पहिली मात्रा मोकळी ठेवतो. सम रिकामी असणं आणि खाली येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींना एकच शब्द वापरला तर शिकणारा गोंधळेल. मी नुसतं ‘मात्रा सोडणे’ म्हणेन.

आणि हे लिहितानाच लक्षात आलं की मी सगळीकडे ‘धरणे’ आणि ‘सोडणे’ हीच क्रियापदं वापरतोय. आपण सूर धरतो, ठेकाही धरतो. बेसवाल्याला एकाच आघातात दोन्ही धरावे लागतात, कॉर्डचा स्वर आणि ड्रमची मात्रा. तबलजींनी म्हटल्याप्रमाणे नाम शोधण्यात माझी चूकच होत होती.

‘स्लॅप’साठी माझ्याकडे ‘थाप’ आहे. अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवायचे, सोबत ड्रमवाला नव्हता, म्हणून अंगठ्याने तारेवर मारून त्यांनी पायाने वाजवायच्या खालच्या ड्रमचं काम भागवलं आणि बोटाने तार खेचून स्नेअरचं, म्हणजे वरच्या खणखणीत ड्रमचं. थाप पखवाजावर पडते तशीच ही. ‘थाप मारणे’ म्हणजे खोटं बोलणे हा दुसरा अर्थ आड येतो, तेव्हा ‘थाप देणे’ म्हणू. बोटाने खेचतो ती ‘खेच’.

*

मीही बेस वाजवतो. क्यूबन संगीताचं कुणीच काही बोललं नाही. तिथल्या ‘तुंबाव’ या ठरलेल्या चालीत बेस दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धात आणि चौथीवर येतो. चौथीवरचा स्वर बहुतेक वेळा पुढच्या कॉर्डचा असतो आणि तो पहिल्या मात्रेवरून तसाच वाहत जातो. म्हणजे सम यायच्या आत तिथला स्वर लागून गेलेला. याला आपला ‘अनागत’ चालेल. शब्दशः, न आलेली. मी रॉक वाजवून तिकडे गेलो तेव्हा पहिल्या मात्रेवर बोट आपोआप पडायचं. ते थांबवायला दोन महिने लागले.

दुसरं म्हणजे ‘हौशी’ आणि ‘नवशिका’ हे एकच समजू नका. हौशी माणूस वीस वर्षंही वाजवत असेल. फक्त पोट त्यावर नाही.

*

‘अनागत’ घेतला. हौशीबद्दल पूर्ण सहमत. ‘हौशे, नवशे, गवशे’ या म्हणीतसुद्धा हौशे पहिले येतात आणि नवस फेडायला आलेल्यांपेक्षा ते वेगळेच असतात.

काल शिकवताना हे शब्द वापरून पाहिले. “पहिली सोड, तिसरी धर, मधले दोन बंद,” एवढंच म्हणालो आणि शिकणाऱ्याने ते वाजवलं. ‘पॉकेट’ मात्र अजून हाती लागलेला नाही. ड्रमच्या किंचित मागे, पण लय न घसरू देता बसणं. ‘रेंगाळणे’त आळस येतो, ‘मागे पडणे’ हा दोष होतो. ‘लय ओढून धरणे’ जवळ जातं, पण त्यात जोर लावल्यासारखं वाटतं, आणि खरा पॉकेट लागतो तेव्हा हात अगदी सैल असतो. गायक लयीत ‘विसावतो’ असं कुणी म्हणताना ऐकलंय का?