बॉटल जॅक अर्ध्यातच अडतोय, ऑइल कुठलं भरू?

धायरीकर_८००
नमस्कार मंडळी. बाबांच्या जुन्या गाडीतला दोन टनी बॉटल जॅक आहे, चार-पाच वर्षं डिकीत स्टेपनीखाली आडवा पडून होता. परवा सिंहगड रोडला पंक्चर झालं, जॅक लावला, हँडल मारतोय मारतोय, चार बोटं उठला आणि तिथेच अडला, पुढचे पंप नुसते पोकळ, हाताला जोरच लागेना. एका टेम्पोवाल्या काकांनी त्यांचा जॅक दिला म्हणून सुटलो. घरी येऊन बघतो तर डिकीतलं कार्पेट तेलाने चिकट. म्हणजे ऑइल गळालंय एवढं कळलं. घरात ब्रेक ऑइलची अर्धी बाटली पडलीय, तीच ओतू का? आणि किती ओतायचं? जॅकवरचं स्टिकर केव्हाच उडालंय.

निवांत_नळस्टॉप
नवीन घे की राव. एवढ्याशा गोष्टीसाठी कुठे हात काळे करतोस.

भोसरी_लेथवाला
नवीन कशाला, लोखंडाला काय झालंय त्याच्या? पण ब्रेक ऑइलची बाटली आधी लांब ठेव. जॅकमधलं रबर असतं खनिज तेलासाठी, ब्रेक ऑइल ही वेगळीच चीज, ते लागलं की सील फुगतात, मऊ पडतात आणि मग खरंच नवीन घ्यावा लागतो. शिवाय ते पाणी ओढतं. इंजिन ऑइलही नको. नाना पेठेत स्पेअरच्या दुकानात जॅक ऑइल माग, नाहीतर हायड्रॉलिक ऑइल ३२ नंबर. ४६ सुद्धा आपल्या हवेत चालून जातं, ६८ जाड, ते घेतलंस तर जॅक खाली यायला फार आळस करतो.

किती ओतायचं ते मिलीत विचारू नकोस, भोक सांगतं. जॅक सपाट फरशीवर उभा कर, व्हॉल्व्ह (जॅक खाली उतरवायला फिरवतो तो बुडाचा स्क्रू) ढिला करून दांडा, म्हणजे गाडी उचलणारा मधला खांब, दाबून पूर्ण खाली बसव, अंगावर बाजूला रबरी बूच असतं ते काढ आणि सिरिंजने हळूहळू सोड, भोकाच्या खालच्या काठाला तेल टेकलं की बास. दांडा वर असताना भरलंस तर खाली येताना आतलं तेल परत टाकीत येतं, जागा नसते, मग बुचातून पिचकारी. आता हवा काढायची: व्हॉल्व्ह उघडाच ठेवून दहा-पंधरा पंप भराभर मार, मग बंद करून पूर्ण वर ने, परत खाली. हाताला गचगच लागतंय तोवर हेच. शेवटी लेव्हल बघून बूच लाव.

एक लक्षात ठेव, व्हॉल्व्ह ढिला करायचा म्हणजे एखाद-दुसरा फेरा, पूर्ण बाहेर काढायचा नाही. त्याच्यामागे स्टीलचा छर्रा असतो, तो गटारात गेला की बस शोधत.

धायरीकर_८००
काका थँक्यू! काल रविवारी बसलो. बूच पेचकसने उचकटताना त्याचा काठ फाटला, भोसरीतून नवीन आणावं लागेल. आत उरलेलं तेल निघालं ते दुधाच्या चहासारखं, हे काय असतं? ३२ नंबर भरलं, हवा काढली, आता दांडा पूर्ण वर जातो. पण गाडी उचलून ठेवली की दहा मिनिटांत बोटभर खाली बसते, बाहेर तेलाचा थेंब नाही.

भोसरी_लेथवाला
चहासारखं म्हणजे पाणी गेलंय. मग नुसतं भरून चालणार नाही, हे तेल दोन-चार वेळा वरखाली करून ओतून टाक आणि ताजं भर. दांड्यावर गंज असेल तर तेलाच्या फडक्याने पूस, पॉलिश पेपर मारू नकोस, चरे पडले की सील फाडतात.

बाहेर थेंब नाही आणि तरी बसतोय, म्हणजे बहुतेक छर्ऱ्याखाली कचरा. तेल काढशीलच तेव्हा आता व्हॉल्व्ह पूर्ण काढ, खाली ताट धर, छर्रा चुंबकाने उचल, पूस, बसायची जागा साफ कर. तरी बसला तर आतलं सील गेलंय, जुना नमुना घेऊन सीलच्या दुकानात जायचं. एक बारका स्क्रू तेलकट टोपीखाली असतो, तो ओव्हरलोडचा, त्याला हात लावायचा नाही.

पेठेतला_पाना
चर्चा छान, पण गाडी उचलून "ठेवली" म्हणजे कशावर ठेवली? जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे. खाली स्टँड लावल्याशिवाय डोकं घालू नये. आमच्या वाड्यात हे एका शहाण्याला सांगितलं होतं, त्याचा पाय वाचला तो चप्पल मोठी होती म्हणून.

धायरीकर_८००
स्टँड आणले, दोन शेजाऱ्यांकडून मागून. छर्रा काढला, खाली गंजाचा पापुद्रा निघाला, नखाएवढाही नाही. ताटात छर्रा पडल्यावर टण्ण आवाज आला आणि आईने विचारलं माझं ताट कुठंय, तो भाग सोडून देतो. परत भरून गाडी उचलली, दोन बोटं अंतर ठेवून खाली स्टँड लावले आणि दांड्यावर खडूने रेघ मारली. तासाभराने बघितलं, रेघ जागेवर. आता जॅक डिकीत उभाच ठेवतोय, व्हॉल्व्ह बंद, दांडा खाली. कार्पेटचा तेलाचा वास मात्र काही जात नाहीये, डिटर्जंटने दोनदा धुतलं, त्यावर काही उपाय असेल तर सांगा.