खारपाणपट्ट्यात बोअर काय कामाचा?
कुणीतरी म्हटलंय, ‘प्रत्येक शेताला बोअर आणि ठिबक द्या, दुष्काळाची चिंता मिटेल.’ आमच्याकडे या की एकदा! पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याचा बराच भाग खारपाणपट्टा. बोअरचं पाणीच खारं, पिकाला दिलं की काळी जमीन चोपण होते, म्हणजे घट्ट होऊन पाणी मुरेनासं होतं. इथं शेततळ्यातलं पावसाचं पाणीच खरं. २०१८ मध्ये आलेल्या पोकरात (हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठीच्या राज्याच्या प्रकल्पात) ही गावं घेतली, ते बरं केलं.

आता पाऊस चार दिवसांत धो-धो पडतो, मग खंड. मी गेल्या खरिपात सोयाबीन बीबीएफनं, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धतीनं पेरलं. सऱ्यांतून जास्तीचं पाणी निघालं, वरंब्यात ओल टिकली. (ट्रॅक्टरवाल्याकडून सरळ ओळी काढून घेणं ही वेगळीच कसरत!) धुऱ्याकडं (बांधाकडं) सरीला उतार मात्र ठेवा.