ल मॉर्नला चार दिवस: काय करावं, काय सोडावं?

प्रेषक: सहकारनगर, पुणे

नमस्कार मंडळी,

माझी ताई तुमच्या मॉरिशसच्या मंडळात आहे, त्यामुळे या यादीवरच्या मेल मी बरेच दिवस वाचतेय. लिहितेय मात्र पहिल्यांदाच.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण मॉरिशसला येतोय. आम्ही दोघं, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई 71 वर्षांच्या आहेत. ताईकडे तीन दिवस राहून पुढचे चार दिवस ल मॉर्नला राहायचं ठरलंय. इथल्या टूरवाल्याने त्या चार दिवसांत अकरा गोष्टी बसवल्यात: पहाटे डॉल्फिन, लगेच बेनितिये बेट, दुपारी शामारेल, झिपलाइन, क्वाड बाइक, हेल्मेट घालून समुद्रतळावर चालणं, हेलिकॉप्टर, आणखी बरंच. मुलं हरखलीत. मला तो कागद वाचूनच धाप लागली.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर त्या हळूहळू मैलभर चालतात, पण जिने आणि होडीत चढणं-उतरणं नको म्हणतात. त्यांना रोज हॉटेलवर बसवून आपण हिंडायचं, हे मला पटत नाही. आणि मुलीला ल मॉर्नचा डोंगर चढायचाच आहे. दर रविवारी ती बाबांबरोबर आतकरवाडीतून सिंहगड चढते.

तिथे राहणाऱ्यांनी सांगावं. काय ठेवू, काय काढू?

प्रेषक: कात्र बोर्न, मॉरिशस

तुझी ताई मला काका म्हणते, म्हणून तुलाही अगं-तुगं करतो. मी मूळचा सदाशिव पेठेतला, इथे येऊन 22 वर्षं झाली. माझं मत एका वाक्यात सांगतो: त्या कागदावरच्या आठ गोष्टी खोडून टाक आणि एक अख्खी सकाळ डोंगराला दे.

ल मॉर्न म्हणजे बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ आणि तिच्यावर उभा असलेला एकच एक काळा कातळ. उंची 556 मीटर. आकडा ऐकून सह्याद्रीतला माणूस नाक मुरडेल, पण ही उंची जवळजवळ समुद्रसपाटीपासून चढायची असते. सुरुवातीची वाट रुंद, झाडीतून जाणारी, मुलालाही झेपेल अशी. ती एका सपाटीवर येते, तिथून सगळं खारं सरोवर दिसतं: किनाऱ्याजवळ फिकट हिरवं, मग निळं, मग प्रवाळाच्या भिंतीवर फुटणारी पांढरी रेघ, आणि तिच्यापलीकडे एकदम गडद समुद्र. इथून पुढे वाट संपते आणि कातळ सुरू होतो. हात टेकवत, खोबणी शोधत वर जायचं. वरच्या क्रुसापर्यंतच जाता येतं, खऱ्या माथ्यावर नाही. सिंहगड चढणाऱ्या मुलीच्या पायांची मला काळजी नाही. पण सिंहगडावर पायऱ्या आहेत, वाटेत ताकवाल्या बायका आहेत. इथे काहीच नाही. माणशी दोन लिटर पाणी पाठीवर हवं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर जाऊ नका. ओला बसाल्ट कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. फाटक उघडताच चढायला लागा, नऊनंतर ऊन कातळावर येतं. वरच्या टप्प्यासाठी वाटाड्या घ्या, नवऱ्याला कितीही अनुभव असला तरी.

आता मुलांना चढायच्या आधी सांगायचं ते. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मळ्यांवरून पळालेले गुलाम या कातळाच्या गुहांत आणि कड्यांच्या खाचांत लपून राहत. वर जायला वाट जवळजवळ नाही, म्हणूनच ती जागा सुरक्षित. ही माणसं आफ्रिकेतून आणली होती, मादागास्करहून आणली होती, आणि आपल्या हिंदुस्थानातूनही आणली होती. हे शेवटचं आपल्या लोकांना माहीत नसतं. इथे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामगिरी संपली आणि ती बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे निघाले. वरच्यांना वाटलं, धरायला आले. पुन्हा साखळीत जाण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. 1 फेब्रुवारीला इथे आजही सुट्टी असते. 2008 साली युनेस्कोने हा डोंगर जागतिक वारशात घेतला तो या स्मृतीसाठी. पायथ्याशी, समुद्राकडेला, गुलामांच्या मार्गाचं स्मारक आहे. दगडी शिल्पं, मोकळं मैदान, सपाट जमीन. सासूबाईंना तिथे जरूर न्या.

हेलिकॉप्टर कशासाठी दाखवतात तेही सांगतो. वरून पाहिलं की समुद्राच्या आत धबधबा कोसळतोय असं वाटतं. तो धबधबा नव्हे. वाळू आणि गाळ पाण्याखालच्या उतारावरून खोल दरीकडे सरकत जातो, त्याचे ते पट्टे. दृश्य अद्भुत आहे, पण ते फक्त आकाशातूनच दिसतं आणि पाच जणांचं भाडं प्रचंड होतं. तेवढ्या पैशात आणखी दोन दिवस राहा.

प्रेषक: औंध, पुणे

काकांच्या मेलला पूर्ण अनुमोदन. आम्ही गेल्या वर्षी तिथेच पाच दिवस होतो. मी फक्त पाण्याबद्दल लिहितो.

डॉल्फिन आधी. आम्ही पहाटे टॅमरिनच्या खाडीत गेलो होतो. स्पिनर डॉल्फिन रात्री खोल पाण्यात मासे धरतात आणि सकाळी उथळ खाडीत विसाव्याला येतात. म्हणजे आपण त्यांच्या झोपेच्या वेळी जातो. आमच्या होडीवाल्याने त्यांच्या पुढे होडी नेऊन थांबवली आणि म्हणाला, मारा उड्या. आजूबाजूच्या होड्यांनीही तेच केलं. कळपात एक पिल्लू होतं, आईच्या पोटाला चिकटून पोहत होतं. माणसं पाण्यात पडली तसा अख्खा कळप खाली गेला आणि लांब जाऊन वर आला, की होड्या पुन्हा त्याच्या मागे. माझी मुलगी रडायला लागली. जायचंच असेल तर पाण्यात न उतरणारा, लांब इंजिन बंद करून थांबणारा होडीवाला शोधा. मी पुन्हा जाणार नाही.

दुसरं, पायात रबरी बूट घातल्याशिवाय कुणालाही पाण्यात सोडू नका. डेक्कनच्या खेळाच्या दुकानांतून इथूनच घेऊन जा. माझ्या मुलाच्या टाचेत अर्चिनचे, म्हणजे तळाशी असणाऱ्या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याचे, सात काळे काटे गेले, पूर्ण संध्याकाळ त्यात गेली. दगडमासा त्याहून वाईट. तो तळाशी दगडासारखा पडलेला असतो, ओळखू येतच नाही. त्याचा काटा लागला तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवायचा, उष्णतेने ते विष निकामी होत जातं, आणि लगेच दवाखाना गाठायचा.

तिसरं, त्या टोकाच्या दोन बाजू वेगळ्या आहेत. सुरूच्या झाडांचा लांब किनारा आहे तिथे पाणी शांत, कमरेएवढं, मुलांसाठी उत्तम. आपल्या कोकणासारखी भरती-ओहोटी नाही, पाणी जिथल्या तिथे असतं. दक्षिणेच्या बाजूला वारा असतो. तिथे जगभरातून पतंगस्वार, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळी पळवणारे, येतात, आणि भिंतीच्या खिंडीजवळ 'वन आय' नावाची लाट फुटते, ती फक्त मुरलेल्या सर्फरांसाठी. भिंतीत खिंड आहे तिथून आतलं पाणी जोराने बाहेर ओढलं जातं. त्या बाजूला पोहायचं नाही, काठावर बसून पतंग बघायचे. तेही तासभर पुरतं.

प्रेषक: सहकारनगर, पुणे

काका, दादा, मनापासून आभार. डॉल्फिन, हेलिकॉप्टर, क्वाड बाइक खोडलं. मुलाने डॉल्फिनबद्दलचा परिच्छेद स्वतः वाचला आणि स्वतःच नको म्हणाला.

पण सासूबाईंसाठी अजून काही? त्यांना नुसतं बसायला आवडत नाही. माणसं आणि झाडं दोन्ही बघायला आवडतात.

प्रेषक: ब्लॅक रिव्हर, मॉरिशस

नमस्कार ताई,

मी इथेच जन्मले. माझ्या पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर आले. माझी मराठी आजीकडून आणि शाळेतून आलेली आहे, चूक झाली तर समजून घ्या.

तुमच्या सासूबाईंना शामारेलला न्या. सात रंगांची माती आहे, लाल, तपकिरी, जांभळट, पिवळी, लहान लहान टेकड्या. भोवती कठडा आहे, सपाट फिरता येतं. सकाळच्या तिरप्या उन्हात रंग खुलतात. ही माती म्हणजे बसाल्ट कुजून झालेली. पावसाने बाकीचं सगळं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. मी 2019 मध्ये महाबळेश्वरला आणि रत्नागिरीला आले होते तेव्हा जांभा पाहिला. मला वाटलं, ही तर आमच्या शामारेलची बहीण. शेजारी मोठी कासवं आहेत, नऊ वर्षांच्या मुलाला तीच सगळ्यात आवडतील. वाटेत धबधबा आहे, सुमारे 100 मीटरचा, तोही कठड्यावरून दिसतो.

झाडांसाठी ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं राष्ट्रीय उद्यान. वरच्या रस्त्याला गाडी थांबते तिथून थोडंच चालून दरी दिसते. तिथे आमचा ससाणा दिसला तर भाग्य. 1974 मध्ये रानात फक्त चार उरले होते. पिलं हाताने वाढवून सोडली, म्हणून आज आहेत. गुलाबी कबूतरही असंच वाचलं. आणि ल मॉर्नच्या कड्यावर एक झुडूप आहे, लाल घंटेसारखं फूल, त्रोशेशिया. ते आमचं राष्ट्रीय फूल. रानात ते फक्त या एका डोंगरावर उगवतं. मुलीला सांगा, कातळाला धरताना झुडपाला धरू नको.

माणसांसाठी ल मॉर्नचं गाव. हॉटेलं सगळी टोकावर आहेत, गाव थोडं बाजूला, कोळ्यांचं. तिथे सेगा, म्हणजे रावानच्या तालावरची इथली गाणी, ऐका, हॉटेलच्या स्टेजवरचा नाही, गावातला. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा गोल डफ. वाजवण्याआधी तो जाळावर धरून तापवतात, मग आवाज चढतो. हा सेगा 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. गुलामांनी मळ्यावर रात्री गायलेली गाणी आहेत ही. आमच्या गणपतीत आम्ही झाकरी नाचतो, ती कोकणातल्या माणसांनी बोटीतून आणली. सेगाही तसाच, कुणीतरी बरोबर आणलेला.

शनिवारी संध्याकाळी मी तुम्हाला गावात घेऊन जाईन. गाडी माझी. जेवायला ढोल पुरी. पुरणपोळीसारखीच, फक्त गोड नाही, डाळ हरभऱ्याची आणि वर रस्सा.

प्रेषक: सहकारनगर, पुणे

मंडळी, परवा परतलो. पुण्यात वळवाने झोडपलंय, कपडे वाळत नाहीत.

डोंगर दुसऱ्या दिवशी होता, पण रात्री पाऊस लागला म्हणून काकांचं ऐकून तिसऱ्या दिवशी गेलो. सपाटीपर्यंत आम्ही चौघं. तिथून मी आणि मुलगा मागे फिरलो, बाप-लेक वाटाड्याबरोबर वर गेले. मुलगी सांगत होती, एका जागी पाय ठेवायला बोटभर खाच आणि खाली थेट निळं पाणी. तिथे तिला एकदम त्या लोकांची आठवण झाली, की हे रात्री, अनवाणी, मागे कुत्री लागलेली असताना कसे चढले असतील. क्रुसाजवळ ती बराच वेळ काही बोलली नाही, असं तिचे बाबा म्हणाले. उतरताना ढोपर खरचटलं, बाकी सुखरूप.

सासूबाई तेवढा वेळ सुरूच्या सावलीत होत्या. त्यांचं माहेर गुहागरचं. आम्ही परतलो तेव्हा त्या एका क्रेओल आजींशेजारी बसून सुरूची फळं वेचत होत्या. भाषा एकमेकींची शून्य, दोघींच्या मध्ये फळांचा ढीग.

शनिवारी गावात गेलो. अंगणात नारळाच्या झावळ्यांचा जाळ केला होता आणि एक म्हातारे गृहस्थ रावान त्यावर फिरवत होते, मधेच बोटाने टिचकी मारून कान लावत होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा हलगी तापवतोय." त्यांनी ब्लॅक रिव्हरच्या ताईंना ते सांगायला लावलं, ताईंनी तिथल्या क्रेओल भाषेत सांगितलं. गृहस्थांनी उठून तो तापलेला रावान त्यांच्या मांडीवर ठेवला. सासूबाईंनी आधी तळवा टेकवला, मग दोन बोटांनी वाजवला. पुढचा तासभर त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत, आणि "गुडघे दुखतायत" हे शब्द त्या संध्याकाळी आले नाहीत.

शामारेलला मात्र आम्ही दुपारी पोचलो, उन्हात रंग फिके वाटले. ताईंनी सकाळी सांगितलं होतं, चूक आमची. कासवांपाशी मुलगा दीड तास होता.

पुढच्या पाहुण्यांसाठी: पाण्यातले रबरी बूट तीन जोड काकांकडे ठेवून आलेय. मापं 3, 6 आणि 8. धुऊन वाळवून ठेवलेत, लागतील त्यांनी न्यावेत.