खासगी गाडीत रुग्ण असेल तर लाल सिग्नल ओलांडता येतो का?

कलमबहाद्दर

व्हॉट्सॲपवर एक सल्ला बारमाही फिरत असतो: ‘गाडीत पेशंट असेल तर चारही इंडिकेटर लावा, हेडलाइट लावा, सिग्नल लागत नाही.’ हे साफ खोटं आहे, म्हणून हा धागा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११९ म्हणतं की प्रत्येक चालकाने विजेवर चालणाऱ्या सिग्नलचे आणि तिथे वाहतूक नियमन करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे आदेश पाळलेच पाहिजेत. ‘प्रत्येक’ म्हणजे प्रत्येक. मोडलं तर कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत दंड, पुढे १५०० पर्यंत. त्यावर कडी म्हणजे २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये ‘धोकादायक वाहन चालवणे’ कशाला म्हणायचं त्याची यादी दिली आणि त्यात पहिलंच नाव लाल दिवा तोडण्याचं आहे. तिथे सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १००० ते ५००० दंड, किंवा दोन्ही. कॅमेऱ्याच्या चलनात सहसा १७७ च लागतं, पण १८४ हाताशी असतंच.

सवलत आहे ती २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत, आणि ती अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलीस आणि शासनाने नेमून दिलेल्या अत्यावश्यक सेवेच्या गाड्यांना. तीही खरी निकड असेल, सायरन आणि दिवे चालू असतील आणि पुरेशी काळजी घेतली असेल तरच. रिकामी रुग्णवाहिका पेट्रोल भरायला निघाली असेल तर तिलाही लाल म्हणजे लालच. मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा तर १ मे २०१७ पासून गेलाच.

माझं मत: खासगी गाडीला अपवाद नाही आणि नसावाही.

तिसरी_लेन

असहमत. तुम्ही मोटार वाहन कायदा वाचून थांबलात.

भारतीय न्याय संहितेचं कलम १९ (जुन्या भादंविचं ८१) पाहा. मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतू नसताना आणि सद्भावनेने केलेलं कृत्य, त्यातून दुसरी हानी होण्याची शक्यता माहीत असली तरी, गुन्हा ठरत नाही. हे फक्त संहितेतल्या गुन्ह्यांना लागू आहे असा समज असतो, तो चुकीचा आहे. कलम २(२४) मधली ‘अपराध’ची व्याख्या सांगते की सर्वसाधारण अपवादांच्या प्रकरणापुरता हा शब्द विशेष आणि स्थानिक कायद्यांखालच्या गुन्ह्यांनाही लागू होतो. मोटार वाहन कायदा हा विशेष कायदाच. म्हणजे दार आहे. अरुंद आहे, पण ‘अपवादच नाही’ हे विधान टिकत नाही.

कलमबहाद्दर

दार आहे, पण ते कोर्टात उघडतं, चौकात नाही. अपवाद सिद्ध करायचा भार आरोपीवर (साक्ष अधिनियम २०२३, कलम १०८). शिवाय त्या कलमाखालचं उदाहरण वाचा: जहाजाच्या कप्तानासमोर अचानक, त्याचा काही दोष नसताना वीस-तीस प्रवाशांची होडी येते. ती वाचवायला वळावं तर दोन प्रवाशांची दुसरी होडी बुडण्याचा धोका. त्याच्यापुढे तिसरा रस्ताच नाही. तुमच्या चालकापुढे असतो: ९० सेकंद थांबणं, १०८ ला फोन करणं, वाटेतलं जवळचं रुग्णालय गाठणं. हे पर्याय होते असं सरकारी वकिलाने दाखवलं की तुमचं १९ लंगडं पडलं.

हिरवी_लाट

कायद्याचं तुम्ही दोघं बघून घ्या. सिग्नल-नियोजनाच्या बाजूने थोडं.

पिवळा साधारण ३ सेकंद असतो, त्यानंतर सगळ्या बाजूंना लाल असा सेकंद-दोन सेकंदांचा अवकाश. तो उशिरा घुसलेली गाडी बाहेर पडावी एवढ्यासाठीच. आता ‘सावकाश बघून जातो’ म्हणणाऱ्याचं गणित करा. २५ मीटर रुंद चौक, गाडीची लांबी ४ मीटर, म्हणजे पूर्ण बाहेर पडायला २९ मीटर. ताशी १० किलोमीटरने सेकंदाला २.८ मीटर, म्हणजे दहा सेकंदांहून जास्त. तेवढ्यात आडव्या रस्त्यावरून ताशी ५० ने येणारी मोटारसायकल जवळपास १४० मीटर अंतर कापते. १४० मीटरपर्यंतचा आडवा रस्ता दिसणारे चौक शहरात किती? कोपऱ्यावर दुकान, जाहिरातीचा फलक, बसथांबा, झाड. सगळ्यात घातक म्हणजे आडव्या रस्त्याच्या पहिल्या लेनमध्ये तुम्हाला पाहून थांबलेली बस. ती थांबली म्हणून तुम्ही पुढे जाता आणि तिच्या आडून, हिरवा आहे म्हणून वेग न कमी केलेली दुचाकी येते.

वेगाने गेलात तर चौकात कमी वेळ राहता, पण कोण येतंय ते बघायला वेळच उरत नाही. दोन्हीकडून मार.

रुग्णवाहिकेचं वेगळं का, तर ती उंच असते आणि सायरनने आडवी वाहतूक आधीच सावध झालेली असते. हेडलाइट आणि खिडकीतून फडकवलेला रुमाल दिसतो फक्त समोरच्याला. आडव्या रस्त्याला त्याचा पत्ताच नसतो.

तिसरी_लेन

हे दुपारी चारच्या चौकाचं गणित झालं. रात्री तीनला चारही बाजू मोकळ्या, सिग्नल तरीही पूर्ण चक्र चालवतोय. तिथे थांबून काय साधतं?

हिरवी_लाट

म्हणूनच रात्री बऱ्याच चौकांत पिवळा लुकलुकत ठेवतात: वेग कमी करा, बघून जा. लुकलुकणारा लाल असेल तर पूर्ण थांबायचं, रस्ता मोकळा असल्याची खात्री करून निघायचं. हे अपवाद नव्हेत, तेच नियम आहेत. पण स्थिर लाल म्हणजे स्थिर लाल. रात्री गाड्या कमी असतात पण ज्या असतात त्या सुसाट असतात.

‘फ्री लेफ्ट’चंही तेच. तशी पाटी किंवा हिरवा बाण नसेल तर लालवर डावीकडे वळणं हाही सिग्नल तोडणंच.

दिवा बंदच पडला असेल तर मात्र तो चौक सिग्नलविना समजा: मुख्य रस्त्यावरच्या गाड्यांना आधी जाऊ द्या, दोन्ही रस्ते सारखे असतील तर उजवीकडून येणाऱ्याला. लालवरच अडकला असेल तर आधी दोन पूर्ण चक्रं जाऊ द्यावीत, नुसतं लांब चक्र आणि बिघाड यातला फरक त्याशिवाय कळत नाही.

सायरन

मूळ प्रश्नात एक गफलत आहे. लाल तोडून वाचतो किती वेळ? सहा किलोमीटरवर पाच सिग्नल, सगळे लालच लागले आणि प्रत्येकी मिनिटभर थांबलात असं धरलं तर पाच मिनिटं. प्रत्यक्षात सगळे लाल लागत नाहीत, आणि सावध ओलांडायलाही वेळ जातो.

आता आजाराप्रमाणे बघा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवायच्या औषधाची मुदत लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तास. तिथे वेळ खातं ते चुकीच्या रुग्णालयात जाणं: सीटी स्कॅन नसलेल्या ठिकाणी नेलं की तासभर गेलाच. सर्पदंशात प्रतिविष आहे का हे आधी फोनवर विचारणं सिग्नलपेक्षा मोलाचं. आणि हृदय बंदच पडलं असेल तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते. त्याला हवं छाती दाबणं, आणि ते धावत्या गाडीच्या मागच्या सीटवर नीट होत नाही. थांबा, जमिनीवर आडवं करा, दाबायला लागा, दुसऱ्याने १०८ लावावा.

तिसरी_लेन

‘१०८ लावावा’ म्हणणं सोपं आहे. गाडी वीस मिनिटांनी येणार असेल तर? जोरात वाहणारं रक्त वीस मिनिटं थांबत नाही. तिथे पाच मिनिटं म्हणजे सगळं काही. तुमचे आजार निवडक आहेत.

सायरन

रक्तस्रावाचा मुद्दा मान्य. पण तिथेही पहिलं काम जखम घट्ट दाबून धरणं, आणि ते मागे बसलेल्याने करायचं. चालकाने गाडी आपटली तर तो हात सुटतो.

पादचारी_पहिला

एक बाजू सगळे विसरतायत. लाल ओलांडताना कुणी चिरडलं तर मामला ५०० रुपयांचा राहत नाही. न्याय संहितेचं २८१ (बेदरकार वाहन चालवणं), मृत्यू झाला तर १०६(१) (निष्काळजीपणाने मृत्यू), पाच वर्षांपर्यंत कैद. जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं मोटार वाहन कायद्याचं १३४अ कुणी पुढे करेल, म्हणून सांगतो: ते संरक्षण मदत करताना त्या जखमीलाच काही झालं तर आहे. झेब्रावर चालणाऱ्या माणसाला उडवलंत तर ते तुमच्या कामाचं नाही.

तिसरी_लेन

हे बरोबर. म्हणून मी म्हणतो तो बचाव सिग्नल तोडण्यापुरता, अपघातापुरता नाही.

राइनकाठचा

मागून रुग्णवाहिका येतेय आणि तुम्ही लालवर पहिले उभे आहात, यावर कुणीच बोललं नाही. जर्मनीत निळा दिवा आणि भोंगा दोन्ही चालू असतील तर ताबडतोब वाट करून देणं कर्तव्य आहे. त्यासाठी अगदी सावकाश रेषेपलीकडे सरकून बाजूला होणं चालतं, चौक पार करणं नव्हे. ब्रिटनमध्ये उलटं: वाट द्या पण नियम मोडू नका, असं तिथली वाहतूक संहिताच सांगते.

कलमबहाद्दर

आपलं कलम १९४ई म्हणतं, रुग्णवाहिका आली की रस्त्याच्या कडेला व्हा, नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. शब्द ‘कडेला’ असा आहे. पुढे, चौकात, असं कुठेही नाही.

हिरवी_लाट

आणि चार लेनमध्ये सहा रांगा लागलेल्या असताना कडा कुठे असते ते सांगा! इथे मी ‘तिसरी_लेन’च्या बाजूचा, नुसतं कलम वाचून थांबता येत नाही. व्यवहारात चालतं ते असं: डावीकडच्या गाडीने डावीकडे तिरकं, उजवीकडच्याने उजवीकडे तिरकं, जास्तीत जास्त अर्धी गाडी पुढे, झेब्रावर माणूस नसेल तरच. आडव्या वाहतुकीच्या वाटेत नाक जाऊ द्यायचं नाही. रुग्णवाहिका गेली की तिच्या शेपटीला लागून लाल पार करणारे महाभाग असतात, त्यांना कुठलीच सवलत नाही. आडवी वाहतूक सायरन गेला म्हणून सुटते आणि नेमका दुसरा सापडतो.

चलनवाला

असं सरकल्यावर चलन आलंच तर ते थांबारेषेचं आहे की सिग्नलचं, हे आधी बघा, दोन वेगळे गुन्हे आहेत. आणि भरायची घाई करू नका. तडजोड रक्कम भरली की प्रकरण मिटलं, मग कलम १९ मांडायला जागाच नाही. राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा ॲपवर तक्रार टाका, सोबत चौक, वेळ, रुग्णवाहिकेचा नंबर दिसला असेल तर तो, डॅशकॅमची फीत. डॅशकॅम जुनं पुसून त्यावरच नवं लिहितो, त्यामुळे फीत त्याच दिवशी काढून ठेवा. रुग्ण गाडीत असेल तर रुग्णालयाच्या नोंदीची वेळ असलेला कागद जोडा. ते फेटाळलं तर न्यायालय.

चलन मालकाच्या नावावर येतं. गाडी दुसऱ्याने चालवली असेल तर त्याची माहिती देणं कलम १३३ खाली मालकाचं काम. आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने लाल तोडणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करायला राज्यांना सांगितलं आहे, ‘पाचशे तर पाचशे’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

पादचारी_पहिला

पोलिसाने हात करून लालवर पुढे बोलावलं तर?

कलमबहाद्दर

जायचं. पोलिसाचा इशारा दिव्यावर मात करतो, न जाणं हाच ११९ चा भंग.

पादचारी_पहिला

आणि पोलिसाच्या मदतीला उभ्या असलेल्या ट्रॅफिक वॉर्डनने?

चलनवाला

कलमात शब्द पोलीस अधिकारी असाच आहे. मी तरी जवळ पोलीस दिसत असेल तरच जाईन, नाहीतर हॉर्न सहन करत उभा राहीन.

तिसरी_लेन

मागे दहा गाड्या भोंगे वाजवत असताना? तुमच्या संयमाला नमस्कार. मी जाईन, आणि चलन आलं तर वॉर्डनचा हात दिसणारी फीत जोडेन.